फुनफिन स्टेशनातल्या टिकल्या

"आज जो कुणी चुकीच्या बसमध्ये चढेल, त्याची तंगडी धरून मी त्याला खाली ओढणार," जुकने जाहीर केलं आणि तळलेल्या केळ्याचा शेवटचा तुकडा तोंडात टाकला.

"तू?" हाफिस म्हणाला. "तुझा हात माणसाच्या गुडघ्यापर्यंत तरी पोचतो का?"

"मग गुडघा धरीन."

ख्वानला मात्र हसू आलं नाही. ती बारा वर्षांची. जुक तिचा धाकटा भाऊ, आणि हाफिस शेजारचा, दोघांहून थोडा मोठा म्हणून स्वतःला पुढारी समजणारा. ऑक्टोबरची सुट्टी लागली होती. नदीत डुंबायचं, चाक फ्राच्या मिरवणुकीतल्या बुद्धाच्या नावेला सोनेरी कागद चिकटवायला देवळात जायचं, असे झकास बेत ठरले होते. ते सगळे मंगळवारी बारगळले, कारण मंगळवारपासून फुनफिन स्टेशनात माणसं हरवायला लागली.

म्हणजे तशी सापडत होती, पण भलत्याच गावी.

बँकॉकची गाडी सकाळी फुनफिनला यायची. जिथे रूळ जात नाहीत तिथली माणसं इथे उतरायची आणि स्टेशनसमोरच्या अंगणातून बसने पुढे जायची. रेल्वे आणि बस मिळून तिकीट एकच. कुणाला कुठल्या बसमध्ये बसवायचं, हे काम रुंगमावशीचं. ख्वानच्या आईची ही धाकटी बहीण त्या अंगणातल्या खिडकीत कित्येक वर्षं बसत होती. तिकीट बघायचं, तरीही "कुठे जायचंय, आजोबा?" असं तोंडाने विचारून घ्यायचं, आणि मग छातीवर कागदाची गोल टिकली चिकटवायची. क्राबीला गुलाबी, फांगाला हिरवी, रनोंगला केशरी, आणि बेटांवर जाणाऱ्या बोटी सुटतात त्या डोनसाकच्या धक्क्याला जांभळी. बसवरच्या पोरांना तिकिटं वाचायचा भारी कंटाळा. ती टिकलीचा रंग बघत आणि माणूस आत ढकलत. इतकी वर्षं सगळं बिनबोभाट चाललं होतं.

मंगळवारी क्राबीचं एक जोडपं फुकेतला जाऊन पोचलं. बुधवारी फांगाचं अख्खं कुटुंब, सासूबाईंसकट. गुरुवारी रनोंगला निघालेला एक दाताचा डॉक्टर फुकेतला उतरला आणि रनोंगला त्याचे रोगी गाल धरून बसून राहिले.

शिव्या अर्थातच मावशीने खाल्ल्या. स्टेशनमास्तरांनी तिला सगळ्यांदेखत सुनावलं, "रुंग, तुझं लक्ष कुठे असतं? आता आणखी एक जरी माणूस भलतीकडे गेला ना, तर तुझी खिडकी बंद. सगळं काम त्या नव्या खिडकीवाल्या पिन्योकडे देऊन टाकतो." मावशी त्या रात्री जेवली नाही. दार लोटल्यावर ती ख्वानच्या आईला हळूच विचारत होती ते ख्वानने ऐकलं. "माझेच डोळे गेले असतील का गं? मीच चुकीचं चिकटवत असेन का?"

मावशी रागावली असती, रडली असती, तर चाललं असतं. पण मावशीचा स्वतःवरचाच विश्वास उडाला होता, आणि ते ख्वानला मुळीच सहन होत नव्हतं.

म्हणून शुक्रवारी सकाळी ही त्रिमूर्ती पाळतीवर हजर होती.

"चोर कोण ते उघड आहे," हाफिस म्हणाला आणि अंगणाच्या दुसऱ्या टोकाकडे त्याने हनुवटी उडवली. तिथे चिंचेखाली पिन्योकाकांची नवी कोरी खिडकी होती. रविवारीच उघडलेली. त्यांची बस एकच, फुकेतला जाणारी, दुमजली, गारेगार, अंगावर ड्रॅगन काढलेला. "हे मावशीचे प्रवासी पळवतायत."

"पळवून काय मिळणार त्यांना?" ख्वान म्हणाली. "फांगाच्या त्या सासूबाईंनी बसमध्ये एवढा तमाशा केला की काकांना पदरचं भाडं घालून त्यांना परत पाठवावं लागलं."

"म्हणजे चोर मूर्ख आहे."

"किंवा चोर नाहीच आहे."

हाफिस चिंचेवर चढला, जुक बाकाखाली शिरला, ख्वान मावशीच्या खिडकीपाशी उभी राहिली. गाडी आली, माणसं उतरली, टिकल्या चिकटल्या, बस सुटल्या. पिन्योकाका आकाशी शर्ट घालून, गळ्यात आकाशी पंचा टाकून, गाणं गुणगुणत हिंडत होते. जुक त्यांना बाकाखाली दिसला तेव्हा त्यांनी त्याला बर्फ घातलेला चहासुद्धा पाजला. संध्याकाळपर्यंत एकही तक्रार आली नाही.

"पाहिलंत?" जुक म्हणाला. "आपण बघत बसलो की कुणी चुकत नाही. आता आपण रोजच बघत बसायचं. शाळा सुरू झाली तरी."

"गप रे," ख्वान म्हणाली. पण शुक्रवारच असा सुतासारखा सरळ कसा गेला, हे कोडं तिला रात्रभर टोचत राहिलं.

शनिवारी गाडी उशिरा आली. मिरवणुकीसाठी घरी निघालेल्या माणसांनी ती खच्चून भरली होती. बघता बघता अंगणात मुंगीला शिरायला जागा उरली नाही. बोचकी, टोपल्या, रडणारी पोरं, पाठीवर घरदार बांधलेले गोरे पाहुणे. मावशीच्या खिडकीशी एक म्हातारी आली. दोन्ही हातांत ताडपानात बांधलेल्या चिकट भाताच्या तिकोनी पुड्यांच्या माळा होत्या.

"कुठे जायचंय, आजी?" मावशीने विचारलं.

"डोनसाकला. तिथून बोटीने बेटावर, नातवाकडे. तिकिटावर लिहिलंय की."

"लिहिलंय. पण नक्की डोनसाकच ना?"

"अगं बाई, तुला दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा गाऊन सांगू?"

मावशी कसनुसं हसली आणि तिने आजीच्या छातीवर जांभळी टिकली दाबून चिकटवली. म्हातारी गर्दीत दिसेनाशी झाली. ख्वान टाचा उंचावून बघत राहिली, पण त्या गर्दीत कोण कुठल्या रंगाचं हे कळायला काहीच मार्ग नव्हता.

तेवढ्यात स्टेशनच्या कर्ण्यातून राष्ट्रगीत सुरू झालं.

सकाळचे आठ. रोजच्यासारखं सगळं अंगण जागच्या जागी थांबलं. हमाल पेटी डोक्यावर घेऊन ताठ उभा राहिला. केळीवालीने झारा कढईवर धरून ठेवला. बसवरची पोरं पायऱ्यांपाशी हात बाजूला घेऊन उभी राहिली. ख्वानही उभी राहिली. मान हलवायची नसते, पण डोळे हलवू नयेत असं काही कुणी सांगितलेलं नाही.

आणि पहिल्यांदाच तिला सगळं स्वच्छ दिसलं. डोनसाकच्या बसपाशी जांभळ्या टिकल्या. ते बरोबर. पण तिकडे चिंचेखालीसुद्धा जांभळ्या टिकल्या. ड्रॅगनवाल्या बसच्या दारात रांगच्या रांग, सगळी जांभळी. त्या रांगेच्या टोकाला पिन्योकाका उभे. जांभळा शर्ट, गळ्यात जांभळा पंचा, आणि हातात टिकल्यांचा कागद.

काल सगळं आकाशी होतं.

सोमवारी पिवळा, मंगळवारी गुलाबी, बुधवारी हिरवा, गुरुवारी केशरी, शुक्रवारी आकाशी, शनिवारी जांभळा. ज्या वाराचा जो रंग, त्या दिवशी तोच अंगावर घालायचा. ख्वानची आजी पाळायची, शाळेतल्या बाई पाळायच्या, अर्धं गाव पाळायचं. म्हणून तर पिन्योकाकांचं ते रंग बदलणं कुणाच्याही डोळ्यांत भरलं नव्हतं. काका नुसते कपडे वाराप्रमाणे घालत नव्हते, टिकल्याही वाराप्रमाणेच चिकटवत होते! मावशीच्या टिकल्यांत आकाशी नव्हतीच, म्हणून काल कुणीही चुकलं नाही. आणि आज शनिवार.

ख्वानचे डोळे ड्रॅगनवाल्या बसच्या दाराकडे सरकले. एक पाय जमिनीवर, एक पाय पायरीवर, हातात भाताच्या माळा, अशी ती म्हातारी राष्ट्रगीतासाठी ताठ उभी होती. बस फुकेतची होती.

ओरडावं तर राष्ट्रगीत चालू. पळावं तर राष्ट्रगीत चालू. ख्वानला वाटलं, हे गाणं आज संपतच नाहीये.

संपलं. आणि त्याच क्षणी अंगण पुन्हा उसळलं. "थांबवा ती बस!" ख्वान ओरडली, पण तिचा आवाज भोंग्यांत बुडाला. दार बंद झालं, ड्रॅगन हलला.

"जुक, मावशीकडे पळ. डोनसाकची बस सोडू नको म्हणावं, तिच्यात फुकेतची माणसं असतील. हाफिस, तू माझ्याबरोबर."

"कुठे?"

"फाटकाकडे! आपली गाडी आता पुढे निघेल. फाटक पडेल."

फलाटाच्या कडेच्या पायवाटेने दोघं धावत सुटली. मागे शिट्टी झाली, गाडीने धक्का घेतला आणि फाटकाचा दांडा टणटण घंटा वाजवत खाली आला. ड्रॅगन थांबला होता. त्याच्यापुढे दोन टेम्पो आणि नारळांची गाडी.

ख्वानने ड्रायव्हरच्या काचेवर थापा मारल्या. आत मोठ्याने गाणी चालली होती. ड्रायव्हरने तिच्याकडे बघितलं आणि हात हलवून 'हो बाजूला' असं खुणावलं.

गाडीचे डबे एकेक करून समोरून चालले होते. शेवटचा डबा गेला की फाटक उघडणार.

हाफिसने एकदा बसकडे पाहिलं, मग तो मागे पळाला आणि सामानाच्या कप्प्यावर दोन्ही हातांनी धडाधड बडवायला लागला. "काका! डिकी! बॅगा बघा, बॅगा!"

ड्रॅगनवर एक ओरखडा चालला नसता त्या ड्रायव्हरला. तो तिरासारखा खाली आला. "काय पडलं? कुठे पडलं?"

"काही नाही पडलं," हाफिस म्हणाला. "पण दार उघडलंत ते बरं झालं."

तोवर ख्वान आत शिरली होती. "डोनसाकला कोण कोण जाणार आहे?"

"मी," म्हातारी म्हणाली. तिच्या मागून आणखी तिघांनी हात वर केले. "का गं पोरी, ही बस डोनसाकची नाही?"

"फुकेतची आहे, आजी."

"अगंबाई. तरीच म्हटलं, थंडीने मरायची व्यवस्था कशाला केलीय."

फाटक उघडलं. मागच्या गाड्यांनी भोंग्यांचा कहर केला. ड्रायव्हर फोनवर पिन्योकाकांना ओरडून सांगत होता, आणि काही वेळातच काका मोटरसायकलवरून आले. मागे स्टेशनमास्तर बसले होते, टोपी एका हाताने धरून.

"बघा साहेब," पिन्योकाका उतरता उतरता म्हणाले. "रुंगची माणसं पुन्हा माझ्या बसमध्ये! रोज काय मी लोकांना सासूसकट परत पाठवायचं?"

मास्तरांचा चेहरा ओढलेला होता. "संपलं म्हणायचं मग," ते म्हणाले. "मी तिला बजावलं होतं."

मोठ्या माणसांपुढे, तेही मास्तरांपुढे, असं बोलायची तिला सवय नव्हती. पण आत्ता गप्प बसलं असतं तर मावशीचं नशीब तिथेच ठरलं असतं. तिने हात जोडून विचारलं, "पिन्योकाका, मंगळवारी तुमच्या टिकल्या कुठल्या रंगाच्या होत्या?"

"गुलाबी," काका लगेच म्हणाले. "मंगळवारी दुसरा कुठला रंग असणार? नवा धंदा आहे, पोरी. ज्योतिषाने सांगितलंय, वाराचा रंग सोडू नका."

"मावशीच्या क्राबीच्या टिकल्या गुलाबीच असतात. रोज. बुधवारी तुमच्या हिरव्या, तिच्या फांगाच्या हिरव्या. गुरुवारी केशरी."

"आणि आज शनिवार," मास्तर हळूच म्हणाले. त्यांनी म्हातारीच्या छातीवरची टिकली पाहिली, मग तिच्यामागे बसलेल्या फुकेतच्या माणसाची. एकाच दुकानातल्या, डिट्टो सारख्या. मग त्यांची नजर काकांच्या शर्टावर गेली आणि तिथेच अडकली.

पिन्योकाकांनी आधी स्वतःच्या शर्टाकडे पाहिलं, मग बसकडे, मग आभाळाकडे. "ज्योतिषाने हे नाही सांगितलं," ते म्हणाले.

"त्या खिडकीतल्या बाईने मला दोनदा विचारलं, आजी कुठे जायचंय," म्हातारी बसच्या दारातून मास्तरांना म्हणाली. "मी तिच्यावर खेकसले. तिथून इथवर दुसऱ्या कुणी एकदा तरी विचारलं असतं, तर मी अशी बर्फात बसले नसते. आता माळा धरता का जरा? हात भरून आलेत."

स्टेशनमास्तरांनी भाताच्या माळा धरल्या. तशीच वरात अंगणात परतली. पुढे म्हातारी, मागे तीन प्रवासी, हाफिसच्या डोक्यावर कुणाची तरी बॅग. पिन्योकाका मोटरसायकल ढकलत म्हणत होते, "मग मी कायमची पांढरी घेऊ का? नको, नको, पांढरी म्हणजे मर्तिकाची. पिवळी घेतो. रोज पिवळी. सोमवार आला काय नि गेला काय."

डोनसाकच्या बसच्या दारात जुक दोन्ही हात पसरून उभा होता आणि ड्रायव्हर त्याला विनवत होता. "हलणार नाही," जुक म्हणत होता. "ताई आल्याशिवाय नाही." फुकेतची दोन माणसं उतरून सामान घेऊन शेजारी थांबली होती. मावशी खिडकीच्या बाहेर आली होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. मास्तर येताना दिसले तसे तिने किल्ल्या पुढे केल्या.

मास्तरांनी त्या घेतल्या नाहीत. त्यांनी माळा हाफिसच्या गळ्यात टाकल्या, टोपी काढून काखेत धरली आणि सगळ्या अंगणासमोर दोन्ही हात जोडून मान खाली लववली. मावशीने हात जोडायच्या आधी. वयाने आणि हुद्द्याने मोठ्या माणसाने असं आधी हात जोडलेले त्या स्टेशनात कुणी पाहिले नव्हते. केळीवालीचा घाणा करपला तरी तिचं लक्ष नव्हतं.

"रुंग, तुझी एकही टिकली चुकली नव्हती," ते म्हणाले. "मी शोधायला हवं होतं. मी नुसता ओरडलो. शोधलं या पोरांनी. अशी पोरं ज्या घरात आहेत, त्या घरच्या माणसावर मी संशय घेतला."

मावशीने कसेबसे हात जोडले. आठवडाभर न रडलेली मावशी तिथे उभ्या उभ्या रडली. ख्वानने तिला कमरेला मिठी मारली. मावशीने तिचं डोकं पोटाशी घट्ट धरून ठेवलं आणि पुन्हा पुन्हा म्हणाली, "माझे डोळे चांगले आहेत गं. माझे डोळे अजून चांगले आहेत."

मग तिने खांद्यावरचा पंचा पदरासारखा डोळ्यांना लावला, किल्ल्या कमरेला खोचल्या आणि खिडकीकडे वळली. तिथे एक घामाघूम माणूस तिकीट पुढे करून कधीचा उभा होता.

"कुठे जायचंय, दादा?" मावशीने विचारलं. या वेळी तिचा आवाज थेट चिंचेपर्यंत ऐकू गेला.