गव्हाणीची नजर

बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणकांना आताशा प्रवासाची गरज उरलेली नाही. ते ऑनलाइन, आपापल्या जागेवरून, एका रात्रीत हजारो डाव खेळतात. तरीही मिरजेत दरवर्षी त्यांची समोरासमोर स्पर्धा भरते. जो तो आपला प्रोग्रॅम पेटीत घालून रिक्षाने घेऊन येतो. सभागृहात इंटरनेट बंद असतं. वर टांगलेला कॅमेरा पेटीला पट दाखवतो आणि पेटीने पडद्यावर सुचवलेली चाल तिचा मालक स्वतःच्या हाताने खेळतो. हौसेला मोल नाही, दुसरं काय!

शाल्मली नाईकवडीची पेटी, घुबडाच्या नावाची ‘गव्हाणी’, ऑनलाइन स्पर्धांत कायम तळाला असे. इथे मात्र तिने ओळीने सगळे डाव मारले आणि कुजबुज सुरू झाली. बाहेरून कोणीतरी चाली पुरवतंय म्हणे. मुख्य पंच फरीदा मुजावर यांनी पेटी उघडून पाहिली. काहीच सापडलं नाही.

“शेवटच्या फेरीआधी कारण सांगा,” त्या म्हणाल्या. “नाहीतर गुण रद्द करावे लागतील.”

गुणांचं शाल्मलीला एवढं नव्हतं. पण चोर ठरणं तिला सहन होईना. शेवटच्या फेरीत तिच्यासमोर बेडकिहाळकर काका आपली पेटी घेऊन बसणार होते. ती सरळ त्यांच्याकडेच गेली.

“माझ्याकडंच मदत मागतीस?” काका हसले. “बस की. खेळू एक डाव.”

सरावाच्या त्या डावात गव्हाणी जिंकली. शाल्मली पटाकडे बघतच नव्हती, ती काकांचा हात बघत होती. त्यांच्या पडद्याच्या कोपऱ्यात कोणाची बाजू जड आहे ते सांगणारा आकडा होता. सगळे त्याला ‘पारडं’ म्हणत. तो आकडा घसरला की काकांची बोटं सोंगटीवर जराशी रेंगाळत.

‘कॅमेऱ्यात दिसेल त्यातून शीक,’ एवढीच सूचना शाल्मलीने गव्हाणीला दिली होती. तिला वाटलं होतं, ती फक्त सोंगट्या बघेल.

तिने काकांची टोपी घेऊन पारडं झाकलं. पुढचा डाव बरोबरीत सुटला. टोपी काढली, गव्हाणी पुन्हा जिंकली. ऑनलाइन ती का हरते, ते आता उघड होतं. तिथे बघायला हातच नसतो.

“म्हणजे माझ्या पेटीच्या मनातलं माझाच हात हिला सांगतोय,” काका म्हणाले. “घरभेदी निघाला की!”

मुजावर बाईंनी सगळं ऐकून घेतलं. “बघू नये असा नियम नाही. गुण राहतील. पण शेवटच्या फेरीत दोघांनीही पारडं झाकायचं.”

शाल्मली निर्धास्त मनाने डावाला बसली. नावावरचा डाग गेला होता, आणि डावही रंगात आला होता. तेवढ्यात गव्हाणीने चाल दिली: वजीर बळी द्या. शाल्मलीने हात पुढे केला. बोटं वजिराजवळ आली आणि थबकली. एवढं मोठं धाडस तिला पटेना.

पडद्यावरची चाल बदलली. आता तिथे एक साधं, सुरक्षित प्यादं होतं.

शाल्मलीने वर कॅमेऱ्याकडे पाहिलं. पटावर काय एकट्या काकांचा हात येत होता?

“काय झालं गं?” काकांनी विचारलं.

“मी अडखळले, आणि तिनं चाल बदलली.”

“मग खेळ की. पडद्यावर आहे ती खेळायची, नियमच हाय.”

प्यादं खेळलं असतं तर कोणी बोट दाखवलं नसतं. बक्षीसही हाताशी होतं. शाल्मलीने घड्याळ थांबवलं आणि पंचांसाठी हात वर केला. मुजावर बाई जवळ आल्या.

“बाई,” ती म्हणाली, “ही चाल तिची धरायची, की माझी?”