दोनशे अकरावी बैठक

दोनशे अकराव्या बैठकेला संगप्पाच्या डोळ्यांपुढं आधी काजवे चमकले, मग सगळी तालीम सावकाश तिरकी झाली, आणि ज्या लाल मातीला तो रोज सकाळी कपाळ टेकत असे, तिच्यावर या खेपेला नाक टेकून तो पडला... सोलापुरातल्या वस्ताद गुरुसिद्धप्पांचा थोरला मुलगा, गड्ड्याच्या जत्रेतल्या कुस्त्या पंधरा दिवसांवर आलेल्या, आणि बेशुद्ध!

एकानं कांदा फोडून नाकाशी धरला. दुसऱ्यानं चप्पल धरली. तिसऱ्यानंही आपली चप्पल पुढं केली, कारण ती नवी होती.

संगप्पानं डोळे उघडले तर समोर वडिलांच्या मिशा.

"रोज दोन शेर दूध पितोस अन् दोनशे बैठकांत आडवा? कुटं जातंय दूध?"

"म्हशीला इचारा की!"

मातीत पडलेल्या माणसानं इतकं ताठ बोलू नये. पण तीन आठवडे दुधाचा थेंबही न घेतलेल्या त्याच्या अंतःकरणात आज भयाला जागाच उरली नव्हती. ते दूध रोज पलीकडच्या पेठेत जात होतं, बहिणीकडं, रुद्राणीकडं! महिन्याची बाळंतीण, नवरा महादेवप्पा तापानं अंथरुणावर, घरात नुसती पेज... आणि हा महादेवप्पा विरुद्ध तालमीचा पैलवान. गेल्या जत्रेत त्यानं सासऱ्याच्या पट्टशिष्याला एका डावात चीत केलं, तेव्हाच वस्तादांनी गळ्यातलं इष्टलिंग हाती धरून शपथ घेतली होती : माझ्या म्हशीच्या दुधाचा थेंब त्या घरात जाणार नाही! म्हशीला याची काही कल्पना नव्हती.

"रुद्राणीला देतो," संगप्पा सर्वांदेखत म्हणाला. "उद्या बी देणार, परवा बी देणार! चक्कर आली तर हितंच निजीन, पर देणार!"

"माझी शपथ मोडलीस, चांडाळा!"

"शपथ म्हशीच्या दुधाची, अप्पा. माझ्या तांब्यात पडलं की त्यो माझा खुराक. मी कुणाला बी देईन!"

एका पैलवानाला हा मुद्दा पटलेला दिसला. वस्तादांनी त्याच्याकडं पाहताच तो बैठका मारू लागला.

"ती... ती काय म्हनते?"

"इचारते, अप्पांनी धाडलं का? मी व्हय म्हनतो. एवढं एकच खोटं बोललो, अप्पा!" तो कोपरावर रेटून उठून बसला. "मग ती तांब्या कपाळाला लावते, अन् पिते..."

वस्तादांनी स्वतःच्या खुराकाचा तांब्या उचलला, अर्धा संगप्पाच्या तोंडाला लावला, "पी, गाढवा!", आणि उरलेला घेऊन लंगोटावर धोतर गुंडाळत निघाले. मागून संगप्पा, भिंती धरत धरत.

जावयाच्या उंबऱ्याशी चाळीस वर्षांच्या सवयीनं वस्तादांचा हात खाली गेला, उंबऱ्याला लागला आणि कपाळाला टेकला, आखाड्यात उतरताना टेकतो तसा. मग त्यांच्या ध्यानात आलं, उंबरा कुणाचा ते! पण खाटेवरून महादेवप्पानं ते पाहिलं होतं, आणि तो तापातच थरथरत उठून उभा राहिला होता.

"अप्पा!" रुद्राणी बाळाला उराशी धरून धावली. "तुमी? सोता दूध घेऊन?"

"त्यात काय! मी रोजच धाडतो की," वस्ताद भरल्या डोळ्यांनी खोटं बोलले. "आज संगप्पाला चक्कर आली, म्हनून मी आलो."