मेथी कोण पिवळी करतं?

आज आणलेली हिरवीगार मेथी उद्या पिवळी! काकड्यांचंही तेच. रत्नागिरीच्या सुर्व्यांच्या घरात आठवडाभर हेच चाललं होतं आणि रोज निम्मी भाजी कचऱ्यात जात होती. आईचा संशय घरातल्या यंत्रमानवावर, म्हणजे गोट्यावर होता. भाजीची टोपली साठवणीच्या खोलीत तोच ठेवायचा.

"परवा कंपनीची गाडी येईल. ह्याला परत पाठवणार," आईने जाहीर केलं.

शर्वाणीने हातातले पत्ते खाली ठेवले. तिच्याशी पत्ते खेळणारा घरात तो एकटाच होता. पण ही दहा वर्षांची मुलगी होती भारी संशयी. सख्ख्या मैत्रिणीचा डबासुद्धा आधी हुंगायची. दुपारी गोट्या चोरपावलांनी टोपली गॅलरीत नेताना दिसला, तेव्हा तिने त्याची वाट अडवली.

"कुठे निघालास?"

"मी हुंगून पाहिलं, त्या खोलीतली हवा भाजीला मानवत नाही."

"मग आईला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, गप्प बस."

आईला ओळखणाऱ्या कुणालाही हे पटलं असतं. तरी शर्वाणीने स्वतः खोली धुंडाळली. खाटेखाली, पोत्यांच्या आड अढी (आंबे पिकवण्यासाठी गवतात रचलेले थर) होती! ती तडक आजोबांकडे गेली. आबा म्हणजे फळांचे निवृत्त शास्त्रज्ञ.

"आबा, आंबे तुम्ही लपवलेत?"

"हळू बोल! तुम्ही कच्चेच फस्त करता, म्हणून ठेवले."

"अढीत एक आंबा पिकला की बाकीचे भराभर का पिकतात?"

"पिकणाऱ्या फळातून इथिलीन (फळं पिकवणारा वायू) बाहेर पडतो. तो दिसत नाही, पण शेजारच्या फळांना लागतो आणि..." आबा मध्येच थांबले. "अरेच्चा! पालेभाजीला लागला तर तिचा हिरवा रंग जातो!"

शर्वाणीचा त्यांच्यावरही विश्वास बसेना. मोठी माणसं नातीची समजूत काढायला काहीही सांगतात! तिने दोन सारखे डबे घेतले, दोन्हींत मेथी ठेवली आणि एकातच पिकलेला आंबा घातला. झाकणं लावून दोन्ही डबे एकाच फळीवर ठेवले.

गाडी यायच्या दिवशी तिने सगळ्यांसमोर डबे उघडले. आंब्याशेजारची मेथी पिवळी पडली होती. दुसरी अजून हिरवी होती.

"आबा! जन्मभर फळांवर संशोधन केलंत आणि माझीच भाजी नासवलीत?" आई कडाडली.

आबांनी कान पकडले. तेवढ्यात खाली हॉर्न वाजला. शर्वाणीने गोट्याचा हात घट्ट धरला. आई खाली गेली आणि गाडी रिकामीच परत गेली.

"ह्याच्यासारखं नाक उद्या प्रत्येक घरच्या टोपलीला बसवता येईल," आबा पुटपुटले.

आई गोट्यासमोर उभी राहिली. "कशाशेजारी काय ठेवायचं, ते आजपासून तू सांगायचंस. मी ऐकेन."

"मग ती केळी कोथिंबिरीजवळून उचला," गोट्या म्हणाला.

आईने एकदा गोट्याकडे पाहिलं, आणि केळी उचलली.