कालव्यावर मागून येणारी

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार दोन दिवसांवर आला होता. घट मांडायचं सामान आणायला मी परभणीच्या बाजारात गेले. नारळ, सुपाऱ्या, पाच झाडांच्या डहाळ्या असं सगळं पिशवीत भरून झाल्यावर एका दुकानात शिरले आणि पळायचे बूट मागितले.

दुकानदारानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "काकू, सुनबाईचा नंबर किती?"

"सुनेला न्हाई. मलाच पाहिजेत."

तो बिचारा हसला नाही. त्याच्या बायकोनं मात्र पदर तोंडाला लावला. तेव्हा माझं वजन एक्क्याण्णव किलो होतं. डॉक्टरीणबाईंनी मला स्पष्टच सांगितलं होतं, "चतुराबाई, वर्षाला शंभर उपवास करता आणि रक्तातली साखर तीनशेच्या पुढं. साबुदाणा सोडा, पाय हलवा. नाहीतर नातवंडाच्या बारशाला तुम्ही भिंतीवर असाल, हार घातलेल्या."

माझी सून प्रियांका तेव्हा चौथ्या महिन्यात होती. मला त्या बारशाला जमिनीवर बसून पाळणा म्हणायचा होता. म्हणून पोखर्णीच्या नृसिंहाला हात जोडले आणि बोलले, देवा, एक्केचाळीस दिवस पळेन, मग पुरणाचा नैवेद्य घेऊन येईन. आजवर घेतलेलं एकही व्रत मी अर्ध्यात सोडलेलं नाही.

मला पळायला शिकवलं सवितानं. सविता म्हणजे आमच्या समोरच्या घरातली. पंचवीस वर्षांचा शेजार. माझ्या बाळंतपणातून उठल्यावर पहिला डिंकाचा लाडू तिच्या हातचा, आणि तिचा नवरा दवाखान्यात होता तेव्हा तिच्या घरची चूल माझ्या हातची. ती माझ्याहून जाड होती, आणि पाच महिन्यांत बावीस किलो उतरली होती. गल्लीतल्या बायका तिला हात लावून बघायच्या.

पहाटे सव्वापाचला आम्ही निघायचो. वस्ती संपली की कालव्याच्या कडेनं मातीचा रस्ता, एका बाजूला तूर, दुसऱ्या बाजूला ज्वारी, आणि मधे विजेचे खांब. प्रियांकाचा जुना ड्रेस उसवून मी अंगात बसवला होता.

"दोन खांब पळायचं, एक खांब चालायचं," सविता सांगायची. "मग हळूहळू चालायचं कमी करायचं, वहिनी. एकदम न्हाई जमत."

मला अर्धा खांबसुद्धा जमत नव्हता. छातीत भाता, नडग्यांत कळा, आणि मांड्या घासून आग आग. पहिल्याच दिवशी दूधवाला बालाजी गाडी हळू करून म्हणाला, "काकू, बस सुटली का? सोडू का मानवतला?" मी कंबर धरून हसले. सविता हसली नाही. ती थांबलीच नाही. जागच्या जागी पाय आपटत राहिली.

ती कधीच थांबायची नाही. एकदा बाभळीचा काटा बुटातून आरपार गेला, तरी लंगडत पळत राहिली. मागं वळूनही बघायची नाही. मला वाटायचं, केवढी ही निष्ठा! व्रत करावं तर असं.

शेवटच्या गुरुवारी तिच्याकडं उद्यापन होतं. गल्लीतल्या सगळ्या बायका येतील म्हणून मी जरीची साडी नेसून गेले, तर मी एकटीच. पाट मांडलेला, रांगोळी काढलेली.

"आज सवाष्ण तुमीच," ती म्हणाली. "दुसरी कोण हाय मला?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं पाय धुतले, हळदीकुंकू लावलं, खण-नारळ ठेवून ओंजळभर गव्हानं ओटी भरली. आता आमच्यात रीत अशी, की भरलेल्या ओटीतले पाच दाणे भरणारीच्या ताटात परत टाकायचे. तिचं काही तिच्याकडं राहावं म्हणून. मी चिमूट उचलली, तर तिनं ताट मागं ओढलं.

"राहू द्या वहिनी. आज सगळं तुमचंच."

"अगं, दाणे तरी…"

"सगळं तुमचंच म्हणले ना."

मला ती माया वाटली. पन्नासाव्या वर्षी, सगळ्या रीती पाठ असून, मी ते दाणे पदरात तसेच ठेवले.

दुसऱ्या पहाटे सविता आली नाही. पाय मुरगळला म्हणाली, खिडकीतूनच. मी एकटी निघाले. धुकं होतं. ज्वारी दिसत नव्हती, तिचा ओला वास तेवढा येत होता. मी पळू लागले आणि मागून कुणीतरी पळू लागलं. बरंच लांब, एका खांबाच्या अंतरावर. जड पाऊल होतं. धप्प… धप्प… माझ्यासारखंच. मला बरं वाटलं, म्हटलं, चला, आपल्यासारखीच कुणीतरी नवीन बाई.

धाप लागली म्हणून मी थांबले. मागचं पाऊलही थांबलं.

पण थांबण्याआधी ते एकदा जास्त पडलं.

पहिल्या दिवशी मी लक्ष दिलं नाही. तिसऱ्या दिवशी मोजलं. मी पळाले की ती पळे, चालले की चाले, तेव्हा अंतर तेवढंच राही. मी थांबले की मात्र तिचं एक पाऊल जास्त पडे. मी दिवसाला आठ वेळा थांबत होते. वळून बघितलं तर धुकं, रस्ता आणि माझ्याच बुटांचे ठसे. पाचव्या दिवशी तिचा वास आला. पावसात भिजून घरात वाळलेल्या पोत्यासारखा. नामस्मरण करत घरी आले, आणि बूटही न काढता समोरच्या घरात गेले.

सविता ओसरीवर सोलाणे सोलत बसली होती. पाय पसरून. मुरगळलेला पाय कुठं दिसत नव्हता.

"सविता… माझ्या मागं कोण यायलंय?"

तिच्या हातातली हरभऱ्याची घाटी खाली पडली. तिनं ती उचलली नाही.

"किती लांब हाय?" तिनं विचारलं.

तेवढ्यावर मला सगळं कळलं. पंचवीस वर्षं माझ्या पायांखालून निघून गेली.

"अर्धा खांब."

"माझ्या मागं तीनच पावलं उरली होती, वहिनी. तीन. मला तिचा श्वास ऐकू यायला होता." ती कुजबुजत बोलत होती, जणू अजून कुणी ऐकत होतं. "मलाबी अशीच दिली. मानवतच्या एका बाईनं, लग्नात ओटी भरून. घरी बसू नका, मी बसून बघितलं. त्या दिवशी ती एकदम दहा पावलं आली."

"अन् मीच सापडले तुला?"

"तुमी लय देवाधर्माच्या. तुमच्या पाठीशी देव हाय. तुमाला काय होत न्हाई… असं वाटलं मला."

"माझी सून पोटुशी हाय, सविता."

ती रडू लागली. मला तिचे डोळे पुसावेसे वाटले, याचीच मला लाज वाटली. उठताना ती मागून म्हणाली, "संक्रांत यायलीय. हळदीकुंकवाला पन्नास बायका येतील तुमच्याकडं. एकीच्या ओटीतले दाणे परत घेऊ नका, झालं. कुणाला कळतंय?"

त्यानंतर मी जशी पळाले तशी तरुणपणीही पळाले नसेन. आठाचं थांबणं पाचावर आलं, पाचाचं तीनावर, तीनाचं एकावर. वजन उतरू लागलं. आमचे हे म्हणाले, "चतुरा, मला मागं टाकून कुठं चाललीस?" बालाजी आता गाडीवरून हात करायचा. सगळे कौतुक करत होते, आणि माझ्या मानेमागं ओल्या पोत्याचा वास दाट होत होता.

संक्रांतीला बायका आल्या. प्रियांकानं वाण वाटलं, मी एकेकीची ओटी भरली. आणि प्रत्येकीपुढं ताट धरून बसले, "दाणे टाका बाई. पाच. मोजून टाका." चांगुणाबाई म्हणाल्या, "अगं, टाकते की! पळून चाललेत का दाणे?" सगळ्या खळखळून हसल्या.

सविता सगळ्यांत शेवटी आली. न येती तर चर्चा झाली असती. मी तिच्या ओटीत गहू घातले, आणि तिनं घाईघाईनं चिमूट उचलली. ताट माझ्या हातात होतं. नुसतं एक वीतभर मागं ओढायचं होतं.

मी ताट पुढं केलं.

"टाक बाई," म्हणाले.

तिनं दाणे टाकले आणि माझ्याकडं न बघता निघून गेली.

दुसऱ्या पहाटे माझा व्रताचा एक्केचाळिसावा दिवस भरत होता, आणि मागं चार पावलं उरली होती. पळता पळता मनात आलं, किती दिवस? बाळाला मांडीवर घेऊन बसेन तेव्हा काय करेन? आणि हिला दुसऱ्या कुणाला द्यायचंच नाही, तर पळायचं कशासाठी? मी कालव्याच्या कठड्यावर बसले. हात जोडले. नृसिंहाचं नाव घेतलं.

एक पाऊल पडलं.

मी उठून दोन पावलं चालले, पुन्हा बसले. दुसरं. मग तिसरं.

ती अगदी मागं होती. आणि ती धापा टाकत होती… जाड माणसाची धाप, शिट्टीसारखी, छातीच्या तळातून येणारी. मला तिची दया आली. खरंच आली.

"ये बाई," मी म्हणाले. "बस. दमलीस."

शेवटचं पाऊल मला ऐकू आलं नाही. नुसते पाय जड झाले, मग हलके. वास गेला. उजाडत होतं. मी उठले आणि घरापर्यंत एकदाही न थांबता पळाले. धापसुद्धा लागली नाही. त्याच दिवशी पोखर्णीला जाऊन नैवेद्य दाखवला. देवळात बसून ठरवलं, सवितालाही माफ करायचं.

त्या संध्याकाळी प्रियांका म्हणाली, "सविताकाकू उद्यापासून परत पळायला जाणार म्हणे. वजन वाढायलंय त्यांचं."

पहाटे मी तिला गाठायला निघाले. कालव्यावर धुक्यात ती दिसली, एका खांबाच्या अंतरावर, पळत असलेली. मी हाक मारली, "सविता! अगं, भिऊ नको. गेली ती!"

ती वळली. सरळ माझ्याकडं पाहिलं. आणि तिची नजर माझ्यावर कुठंच न अडकता मागच्या बाभळीपर्यंत गेली. तिचा चेहरा पांढरा पडला. ती वेड्यासारखी पळत सुटली. मी मागं. "मी चतुरा गं… मी आहे…"

तिची सवय मोडली होती. पुढच्या खांबाला धरून ती वाकली, धापा टाकू लागली. मीही थांबले. तिला घाबरवायचं नव्हतं, म्हणून मुद्दाम थांबले.

आणि माझा उजवा पाय, मी न उचलता, एकदा पुढं पडला. धप्प.

घरी सगळं जसंच्या तसं आहे. मी दिसते, बोलते, भाकरी थापते. प्रियांकाच्या पोटाला हात लावला की बाळ लाथ मारतं. डॉक्टरीणबाई खूश आहेत. पहाटे घरीच राहायचं म्हणून मी दाराला आतून कडी लावून, पायाला ओढणी बांधून झोपले होते. झुंजुमुंजू झालं तेव्हा मी कालव्यावर होते, बूट घातलेली.

समोरच्या घरी गेले की सविता मला चहा देते. रडते. म्हणते, वहिनी, ती परत आली, तुमी कसं घालवलंत सांगा ना. मी तिचा हात धरून बसते. काय सांगू?

आता देवापुढं निरंजन लावते तेव्हा स्वतःसाठी काही मागत नाही. एवढंच म्हणते, नृसिंहा, माझ्या सविताला धाप लागू देऊ नको. हल्ली ती लवकर दमते.

आज आमच्यात अकरा पावलं उरली आहेत.