दीड मीटर मॅटी

श्रद्धा ढोके आत आली, खुर्ची ओढून बसली आणि पाणी विचारायच्या आधीच म्हणाली, "मॅडम, मी चोर नाही हे संध्याकाळी सहाच्या आत सिद्ध करायचंय. नाहीतर आमच्या दुकानाच्या ताई पोलीस चौकीत जाणार आहेत."

श्यामसुंदर आगाशे यांनी घड्याळाकडे पाहिलं. सव्वाअकरा झाले होते. सरकारी कचेरीत चौतीस वर्षं काढल्यामुळे सात तासांत एखादं काम होऊ शकतं यावर त्यांचा मुळीच विश्वास नव्हता. निवृत्तीनंतर वेळ जाईना म्हणून ते आम्रपाली गायकवाड यांच्या बिबवेवाडीतल्या गुप्तहेर कचेरीत टिपणं घ्यायला येत. टिपणं अक्षरश: सुंदर असत. उपयोगी असतच असं नाही.

"काय चोरलंत असं म्हणणं आहे?" आम्रपालीनं विचारलं.

"पट. बापूरावांचा."

श्रद्धा मूळची वाशीमची. चार वर्षांपासून ती दिवटे वस्त्रभांडाराच्या मागच्या खोलीत शिवण आणि भरतकाम करत होती. दुकानाच्या मालकीण कुसुमताई दिवटे. त्यांचे वडील बापूराव हातमागावरचे नामांकित विणकर होते. जाण्याआधी त्यांनी एकच लांब पट विणला होता, त्यात साध्या विणीच्या कापडाचे नऊ नमुने एकापुढे एक. उद्या तो एका प्रदर्शनात मांडायचा होता आणि लोकांना तो समजावून सांगायला कुसुमताईंनी श्रद्धाला निवडलं होतं. आज सकाळी पेटी उघडली तर पिवळ्या फडक्यात पटाऐवजी मॅटीचा, भरतकामाच्या जाड सुती कापडाचा, तुकडा गुंडाळलेला निघाला.

"पेटीची किल्ली माझ्या मशीनजवळच्या खिळ्याला असते. मॅटीवर भरतकाम करते तीही मीच. झालं. आठ-दहा गिऱ्हाइकांसमोर मला चोर म्हणाल्या." इतका वेळ नीट चाललेला तिचा आवाज इथे घसरला. "मी काहून चोरीन हो? त्या पटाकडे बघून तर मी शिकले."

आम्रपालीनं पिशवी उचलली. "आगाशे, चला. दुपारी एकला दुकानं बंद होतात."

*

दुकानात गर्दी होती. काउंटरमागे मच्छिंद्र काळभोर उभा होता, तीस वर्षांपासूनचा विक्रेता. तो बोलत कमी होता आणि हात मात्र सतत चालवत होता. एका बाईंना पॉपलिन हवं होतं. त्यानं मीटरपट्टीनं मोजलं, काठाला कात्रीची बारीकशी चीर दिली आणि दोन्ही हातांनी खेचलं. टर्रकन आवाज झाला. कापड आखल्यासारखं सरळ फाटलं.

पुढच्या बाईंना मॅटी हवी होती. तिथे मात्र त्यानं काठातला एक आडवा धागा सुईच्या टोकानं उचलला, हळूहळू ओढून काढला आणि धागा गेल्यानं जी रेघ उमटली तिच्यावरून कात्री चालवली.

"तिला का एवढे लाड?" श्यामसुंदररावांनी विचारलं.

"मॅटी हाय ती. तिच्याशी घाई चालत न्हाई," मच्छिंद्र म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

कुसुमताईंनी दोघांना मागच्या खोलीत नेलं. साठीच्या, ताठ, आणि आपण आयुष्यात कधी चुकलेलो नाही अशी खात्री असलेल्या बाई.

"आपण तिच्या बाजूनं आलात म्हणजे चहा द्यायलाच हवा असं नाही," त्या म्हणाल्या.

"नकोच. पट कसा होता ते सांगा."

हा प्रश्न ताईंच्या आवडीचा निघाला. "वीण एकच. एक धागा वर, एक खाली. सूत बारीक घेतलं की मलमल. जाड घेतलं की मांजरपाट. आडवं सूत उभ्यापेक्षा जाड घेतलं की अंगावर रेघ उठते, ते पॉपलिन. दोन-दोन धागे जोडीनं घातले की मॅटी, तीच चटईसारखी दिसते. लोकांना ही सगळी वेगळी कापडं वाटतात. बाबांनी नऊ नमुने एकाच पटात विणले, म्हणजे डोळ्यांनी पाहता यावं."

"शेवटचा कधी पाहिलात?"

"सोमवारी संध्याकाळी. मंगळवारी मी स्वारगेटजवळ डोळ्यांच्या डॉक्टरांकडे होते, अकरा ते दोन. मच्छिंद्र लोणी काळभोरला, पुतणीचा साखरपुडा. श्रद्धा इथे. बुधवारी मी दिवसभर ह्याच खोलीत बसून होते. म्हणजे जे झालं ते मंगळवारी."

"मंगळवारी दुकान कोणी सांभाळलं?"

"माझा भाचा, आमोद. वरच राहतो. घरून काम करतो, म्हणून बसवला. श्रद्धा बारा ते एक ब्लाउज पोचवायला बाहेर होती, असं तीच म्हणते."

आम्रपालीनं पेटीत सापडलेला तुकडा मागितला आणि टेबलावर पसरला. दीड मीटर पांढरी मॅटी. एक टोक सुबक, धाग्याला धागा. दुसऱ्या टोकाला काठाजवळ कात्रीची चीर होती, तिच्यापुढे दोन बोटं कापड ओरबाडल्यासारखं झालेलं, धागे गोळा होऊन बसलेले. तिथून पुढे कात्रीनं कापलेलं, पण नागमोडी. श्यामसुंदररावांनी वहीत लिहिलं : एक टोक चांगलं, एक वाईट. मग त्यांना वाटलं की हे कुणीही लिहिलं असतं.

*

आमोद वरून खाली आला तो हेडफोन गळ्यात अडकवूनच. पंचविशीचा, हसतमुख, पाय सतत हलत असलेला.

"मंगळवारी मी काउंटरवर होतो. लॅपटॉप पुढ्यात. मागे कोण गेलं, कोण आलं, नो आयडिया. मीटिंग होती माझी."

"गिऱ्हाईक आलं?"

"एकच. एक काकू आल्या, दीड मीटर मॅटी घेतली. मच्छिंद्रकाकांनीही बुधवारी विचारलं मला, तागा कमी कसा म्हणून. मीच दिली. मोजली, चीर दिली, टर्रकन फाडली, दिली. लहानपणापासून बघतोय, त्यात काय."

"पट तुमच्या आजोबांचा. समजावून श्रद्धा सांगणार. तुम्हाला चाललं?"

आमोदचा पाय थांबला. "आत्याचा डिसिजन आहे. मला काय विचारता?"

मच्छिंद्रला आम्रपालीनं दुकान बंद होताना गाठलं. "बुधवारी मॅटीचा तागा तुम्ही तपासलात. त्याचं टोक कसं होतं?"

तो बराच वेळ मीटरपट्टी पुसत राहिला. "वाकडं व्हतं. मी सरळ केलं."

"काढलेली पट्टी?"

"टाकली आसंल कुठंतरी."

रस्त्यावर आल्यावर श्यामसुंदररावांनी वही मिटली. "हाच. काहीतरी लपवतोय."

"लपवतोय हे बरोबर," आम्रपाली म्हणाली. "पण स्वत:ला नाही. साडेपाचला सगळ्यांना मागच्या खोलीत बोलवा. आणि तुमचं जेवण झालं की एक काम करा. कुठूनही अर्धा मीटर मॅटी घ्या आणि घरी फाडून बघा."

श्यामसुंदररावांनी ते इमानेइतबारे केलं. साडेपाचला ते दुकानात आले तेव्हा त्यांच्या दोन बोटांना पट्टी बांधलेली होती.

*

खोलीत पाच जण दाटीनं बसले होते. बाहेर संध्याकाळची गिऱ्हाइकं यायला लागली होती, म्हणून कुसुमताईंनी दार लोटून घेतलं. श्रद्धा भिंतीला टेकून उभी होती.

आम्रपालीनं मॅटीचा एक नवा तुकडा आमोदच्या हातात दिला. "मंगळवारी काकूंना दिलीत तशी फाडून दाखवा."

आमोद हसला. त्यानं चीर दिली आणि खेचलं. आवाज झाला नाही. त्यानं पुन्हा जोर लावला. दोन बोटं कापड गेलं, धागे गोळा झाले आणि पुढे हलेनात. त्याचे कान लाल झाले.

"राहू द्या. आगाशेंनीही दुपारी प्रयत्न केलाय," आम्रपाली म्हणाली. "पॉपलिन, मांजरपाट, मलमल फाटतात, कारण ताण एका वेळी एकाच धाग्यावर येतो आणि तो तुटत जातो. मॅटीत धागे जोडीनं असतात, वीण सैल असते. ओढलं की धागे एकत्र सरकतात आणि एकमेकांना धरून ठेवतात. म्हणून मॅटी फाडत नाहीत. धागा काढून कापतात. मच्छिंद्ररावांनी सकाळी आमच्यासमोर तेच केलं."

तिनं पेटीतला तुकडा उचलला. "आता हे बघा. पेटीत पट नसला तरी फडक्यात वजन हवं, म्हणून चोरानं ताग्यातून हा तुकडा काढला. आधी चीर देऊन खेचला. जमेना. मग कात्री घेतली आणि वेडीवाकडी चालवली. श्रद्धा चार वर्षं रोज मॅटीवर भरते. मच्छिंद्रराव तीस वर्षं मॅटी विकतात. कुसुमताई तर विणकराच्या पोटी जन्मल्या. ह्या तिघांपैकी कुणाचाही हात मॅटी फाडायला जाणारच नाही. हात त्याचाच जाईल ज्यानं आयुष्यभर काउंटरवरचं फाडणं पाहिलं, पण कापड कधी हातात घेतलं नाही."

"मुद्दाम वाकडी कापून दुसऱ्यावर ढकलता येतं की," कुसुमताई म्हणाल्या. आवाजात पूर्वीची धार नव्हती.

"येतं. म्हणूनच मी एवढ्यावर थांबले नाही. तागा बरोबर दीड मीटर कमी आहे. ती मॅटी आपण विकली असं एकच माणूस म्हणतो, आणि फाडून दिली म्हणतो. जी फाटतच नाही ती फाडून दिली कशी? म्हणजे काकू नव्हत्याच. मॅटी विकलीच गेली नाही, ती ह्या टेबलावर आहे." ती वळली. "मच्छिंद्रराव, पट्टी टाकली नाहीत तुम्ही."

मच्छिंद्रनं सदऱ्याच्या खिशातून चार बोटं रुंद पट्टी काढली. आम्रपालीनं ती तुकड्याच्या वाकड्या कडेला लावली. वळणावर वळण बसलं, अगदी ओरबाडलेल्या दोन बोटांसकट.

"बुधवारीच कळलं व्हतं का तुला?" कुसुमताई नकळत त्याच्या बोलीत बोलल्या.

"टोक बघितलं आन् समजलं, हे आमोदचं काम. पर कशापायी ते कळंना. आज तुम्ही पोरीला बोललात तवा तोंड उघडायला पायजे व्हतं. ह्या घराचं मीठ खाल्लंय, ताई. न्हाई उघडलं." त्यानं श्रद्धाकडे पाहायचं टाळलं.

आमोद उठला, वर गेला आणि पट घेऊन आला. पटाला धक्का लागलेला नव्हता. "विकणार नव्हतो मी," तो म्हणाला. "प्रदर्शन झालं की परत ठेवणार होतो. माझ्या आजोबांबद्दल ती सांगणार आणि मी खाली बसून ऐकणार, हे मला सहन होत नव्हतं."

"मला विचारायचंस," कुसुमताई म्हणाल्या. "मी तुला शिकवलं असतं. तू एकदाही विचारलं नाहीस." त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते त्यांना आवडलेलं नव्हतं. त्या श्रद्धाकडे वळल्या. "माझं चुकलं."

श्रद्धा जागची हलली नाही. "ताई, चोर तुम्ही मला ह्या खोलीत नाही म्हणालात. बाहेर म्हणालात."

कुसुमताई दार उघडून थेट काउंटरवर गेल्या आणि मीटरपट्टी दोनदा आपटली. सातआठ बायका वळल्या.

"ऐका. सकाळी मी इथे श्रद्धाला चोर म्हटलं. ती चोर नाही. पट माझ्याच घरातल्या माणसानं घेतला होता आणि मी शहानिशा न करता बोलले. सकाळी ज्या इथे होत्या त्यांनी हेही चार जणींना सांगा, जसं ते सांगितलं असेल."

कोपऱ्यातल्या एक आजी म्हणाल्या, "सांगू. मी सकाळी होते."

कुसुमताई आत आल्या आणि पट दोन्ही हातांनी श्रद्धापुढे धरला. "उद्या तूच ने."

"नेईन," श्रद्धा म्हणाली. "बापूरावांसाठी नेईन आणि नीट सांगेन. पण सोमवारपासून मी येणार नाही, ताई. माझं काम मी स्वतंत्र सुरू करते."

आम्रपालीनं श्यामसुंदररावांचा हात धरून त्यांना दाराकडे वळवलं, पण कुसुमताईंचं उत्तर ऐकल्याशिवाय त्यांचा पाय निघेना.

"तुझ्या जागी मी असते," कुसुमताई म्हणाल्या, "तर उद्याचंही नाही म्हटलं असतं."

श्रद्धानं मान हलवली, पट खांद्याशी धरला आणि ती गर्दीतून पुढच्या दारानं बाहेर पडली.