घेवड्याच्या काठ्या गेल्या कुठे?

"शेमा, धाव! आजींचा घेवडा आडवा झालाय!"

उवेराची हाक ऐकून शेमा टेकडीवरून धावत खाली आला. त्याच्यामागे त्याची धाकटी बहीण केझा. शेजारच्या न्यिरामाना आजी पाय मोडून दवाखान्यात होत्या आणि उद्या घरी यायच्या होत्या. सुट्टीभर त्यांची परसबाग सांभाळायचं वचन उवेराने दिलं होतं. आणि आता हे! पुरुषभर उंच चढलेले, फुलांनी आणि कोवळ्या शेंगांनी लगडलेले वेल लाल मातीत लोळत होते. काठ्या गायब!

"बकरीचं काम!" शेमा म्हणाला.

"बकरी काठ्या खांद्यावर टाकून नेते वाटतं?" केझा फिस्सकन हसली.

उवेराला मात्र रडू येत होतं. एवढ्यात तिला वाटेवर ओरखडे दिसले, काठ्या फरपटत नेल्याचे! तिघं मागावर निघाली. ओरखडे पोचले थेट चौकात. तिथे गावचे प्रमुख कालिसाकाका घामाघूम होऊन स्वागताची कमान बांधून घेत होते. उद्या शेतकी खात्याच्या मोठ्या बाई येणार होत्या. कमानीच्या एका काठीला वेलाचा तुकडा अजून लपेटलेला होता, जांभळ्या फुलासकट!

"काका, या आजींच्या काठ्या आहेत!"

"अगं, मी पोरांना म्हटलं, कुठूनही आणा. त्यांनी आणल्या! उद्या पाहुण्या गेल्या की देतो परत."

"तोवर वेल कुजतील! आभाळ बघा कसं भरून आलंय!"

"जा गं, मला कामं आहेत!"

उवेरा दोन पावलं गेली आणि थबकली. मग गोड आवाजात म्हणाली, "काका, पाहुण्या बघायला काय येतायत?"

"वेलीचा घेवडा. सगळ्या गावाला ठाऊक आहे!"

"आणि कमानीला लावताय कागदाची फुलं?"

काकांचा हात थांबला. "मग? खरी कुठून आणू?"

"आमच्याकडे आहेत की ढीगभर!" शेमा पुढे सरसावला. "पण त्यांची मुळं जमिनीत आहेत. कमानच तिकडे न्यावी लागेल."

काका डोकं खाजवत राहिले. मग ओरडले, "पोरांनो, उचला रे काठ्या!"

पावसाच्या आत आजींच्या फाटकाशी, घेवड्याच्या वाफ्यावरच, काठ्या कमानीसारख्या पुन्हा रोवल्या गेल्या. उवेराने एकेक वेल हळुवार उचलून केळीच्या सोपटाने बांधला. चार वेल मोडलेच. त्यांच्याकडे तिला बघवेना. बाकीचे मात्र फाटकावरच्या कमानीवर डौलात चढले.

दुसऱ्या दिवशी पाहुण्या कमानीखाली उभ्या राहून वर बघतच राहिल्या. "किती सुंदर! कुणाची कल्पना?"

काकांनी छाती फुगवली. केझा खाकरली. काकांची छाती खाली बसली. "या तिघांची," ते म्हणाले. "चूक तेवढी माझी."

एवढ्यात कुबडी टेकत आजी आल्या. तिघांनी भीतभीत घडलेलं सांगितलं. आजींनी सगळं ऐकून घेतलं. मग हात वर करून उभ्या-उभ्याच कमानीवरची एक कोवळी शेंग तोडली.

"वाकावं लागत नाही गं, उवेरा! शहाणी माझी बाळं!" त्या म्हणाल्या आणि काकांकडे वळल्या. "कालिसा, ही कमान आता इथून हलायची नाही. आणि जा, आणखी काठ्या आण. तुझ्या रानातल्या!"