पाणपोईवरची नफिजामावशी

खोटं सांगून मला काय मिळणार? पाहुण्यांना हसवण्यावर माझं पोट चालतं, घाबरवण्यावर नाही. पण हे माझ्याच हातून घडलंय. बोस्नियात, आमच्या सारायेवोत, गेल्या जूनच्या बारा तारखेला, सकाळी अकराला, लख्ख उन्हात.

मी रमिझा, गाईड. चौकातल्या पाणपोईपाशी माझं ठरलेलं वाक्य असतं, "हे पाणी जो पितो, तो सारायेवोत परत येतो!"

मग सगळे ओंजळ पुढे करतात.

त्या दिवशी स्वीडनहून म्हाताऱ्यांचा गट आला होता. त्यात एक आमचीच. नफिजामावशी. नव्वदीतल्या युद्धात शहराला वेढा पडला होता, त्यातून सुटून तिकडे गेलेली.

ती पाणी प्यायली नाही.

"मावशी, शहरावर रुसलात का?"

"पोरी, माझी लेक, सनेला, वेढ्यात पाण्याच्या रांगेत गेली. तोफगोळा पडला. रोज मी जायचे, त्या दिवशी कंटाळा केला आणि तिला धाडलं. काल तिच्या कबरीवर जाऊन आले. आता मेले तरी इथं यायची नाही."

इतकं ऐकूनही मला थट्टा सुचली. माझ्या जिभेला हाड नाही.

"बाटली द्या, दुकानातून भरून आणते," म्हणाले आणि पाणपोईवर भरली. मावशी घटाघट प्यायली.

मी टाळी वाजवली. "फसलात मावशी! आता येणारच!"

सगळे हसले.

मावशीचा चेहरा पांढराफटक पडला.

चौथ्या दिवशी ती गेली. तिकडेच, स्वीडनला, झोपेत.

पुढच्या सोमवारी, अकरा वाजता... चौकातली कबुतरं गायब.

एकही नाही.

मग पाण्याच्या रिकाम्या कॅनचा आवाज... खडखड... खडखड...

एका पाहुणीनं मला विचारलं, "रांग कुठून सुरू होते? त्या आजी मला मागे जा म्हणतायत."

तिथं रांगच नव्हती.

आमच्या टूर कंपनीचा मालक सेनाद, त्याला सांगितलं. "उन्हात टोपी घालत जा गं बाई," तो म्हणाला.

तेव्हापासून रोज अकराला माझ्या कानाशी कुणीतरी धापा टाकतं. काल पहिल्यांदा बोललं...

"रोज तीच सकाळ होते गं. रोज मी तिलाच धाडते."



"परत यायचं पाणी पाजलंस. सुटायचं कुठलं, पोरी?"

या शहरातला नळ न् नळ मला ठाऊक आहे. तसलं पाणी कुठंच नाही.